डाग विकणाऱ्या शहरात आमच्या आई

ती. ताईंना,

इस्त्रीचे चटके बसलेल्या दोन्ही हातांनी तुमच्या थोरल्या वहिनीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की जिना उतरताना कळ येते, चढताना येत नाही. ह्यांचं म्हणणं, मग ताईने नुसतं चढत जावं. (तुमचेच भाऊ आहेत. मी आपली फक्त निरोप पोचवते.) आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांचा खोकला गेला, वाफेच्या इस्त्रीचं नळकांडं पुन्हा गळतंय, आणि तुमच्या आई अगदी ठणठणीत आहेत. तेच तर दुखणं आहे. पत्र लांबणार आहे, तेव्हा पाय वर घेऊन बसा.

तुम्हाला माहीतच आहे, आई माझ्या धाकट्या जावेकडे आठ दिवसांसाठी म्हणून गेल्या. बरोबर दोन जोड कपडे, औषधांची डबी आणि स्वतःची उशी. (दुसऱ्याच्या उशीला दुसऱ्याच्या डोक्याचा वास येतो म्हणतात.) पहिल्या रविवारी लाँड्रीत फोन आला, घंटेचा मनोरा बघायचा राहिलाय. दुसऱ्या रविवारी राजवाड्याची मागची बाजू राहिली होती. तिसऱ्या रविवारी पुढची बाजू पुन्हा एकदा नीट बघायची होती. चौथ्या रविवारी फोनच आला नाही. मी म्हटलं, बरं झालं, कटकट गेली, आणि दिवसभर फोनच्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करत बसले. ते टेबल लंगडं आहे, तिथे मी एरवी कधी बसत नाही. पाचव्या आठवड्यात मी ह्यांना म्हटलं, असं कुठलं शहर आहे जे बघायला पाच आठवडे लागतात? मी जाते आणि आईंना घेऊनच येते. तर हे म्हणाले, तुला तर तिचा त्रासच होतो ना? आता हे मी म्हटलेलं आहे, नाही म्हणत नाही. तुम्हालाही एकोणीस वर्षं पत्रांतून कळवलेलं आहे. (ती पत्रं जपून ठेवली असतील तर कृपा करून फाडून टाका.) पण त्रास झाला तरी तो आपल्या घरचा त्रास. तो उचलून दुसरीने आपल्या घरी नेऊन ठेवायचा म्हणजे काय!

तर गेले. ताई, शहर छान आहे. खोटं कशाला बोलू, इतकं छान आहे की बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर रस्ता पुसून ठेवलेला. घरांच्या खिडक्यांत फुलं, दारांना पितळी कड्या, आणि प्रत्येक दुसऱ्या भिंतीवर पाटी, की इथे अमुक सरदार राहत होता, इथे तमुक कवी आजारी पडला होता. कवी आजारी पडल्याची पाटी! मी एकोणीस वर्षांत दोनदा निमोनियाने पडले, आमच्या भिंतीवर कोणी साधा खडूसुद्धा ओढला नाही. आणि एक गोष्ट तुम्ही लाँड्रीवाल्याची लेक म्हणून तुम्हाला सांगते, दुसऱ्या कोणाला कळायची नाही. त्या अख्ख्या शहरात मला एकही कपडे वाळवायची दोरी दिसली नाही. गच्चीत नाही, बोळात नाही, मागच्या अंगणात डोकावले तिथेही नाही. (एका बाईने आतून पडदा सरकवला, मग मी निघाले.) एवढी माणसं, एवढे पांढरे कपडे, आणि वाळवतात कुठे? श्रीमंतांचे कपडे ओलेच होत नसावेत.

धाकटीचं घर राजवाड्याच्या मागच्या फाटकासमोर. भाऊजी नगरपालिकेत झाडांची पाहणी करतात, म्हणजे झाड आहे की नाही ते जाऊन बघतात, आणि त्या कामावर त्यांना हे घर मिळालंय. दोन खोल्या, पण काय खोल्या! खिडकीतून राजाचं तळं दिसतं. आमच्या खिडकीतून दाताच्या डॉक्टरचा बोर्ड दिसतो, त्याच्यातला दातसुद्धा किडलेला. धाकटी दारात उभी, हसतमुख, नेहमीसारखी. ती कधी चिडत नाही हो. तिच्याशी भांडायला जावं तर पाण्यावर काठी मारल्यासारखं होतं. आणि आतल्या कोपऱ्यात कपडे धुण्याचं मशीन. लाँड्रीवाल्यांची सून, आणि बटण दाबते! मला वाटलं, आईंनी आल्या दिवशीच त्या मशीनचं श्राद्ध घातलं असेल. तर आई त्याच्याच समोर खुर्ची टाकून बसलेल्या, आणि मला म्हणतात काय, ये, बस, बरं पिळतं हो हे. बरं पिळतं! मी पिळलेल्या चादरीबद्दल हे शब्द एकोणीस वर्षांत निघाले नाहीत. मी पिळलेली चादर त्या हातात घेतात, पुन्हा एकदा पिळतात, आणि त्यातून जे दोन थेंब पडतात ते मला दाखवतात.

हो, जळले मी. तुमच्यापाशी काय लपवायचं? सरळ जळले. जेवताना तर फारच. धाकटीच्या भाजीत मीठ कमी होतं, मला कळलं, भाऊजींना कळलं, मांजराला कळलं असेल. आई गुपचूप जेवल्या. वर आणखी थोडी घेतली. घरी मी मीठ बरोबर घातलं तर म्हणतात, आज बरोबर पडलंय, चुकून पडलं असेल. आणि धाकटीला हाक मारतात ‘बाळ’. मला ‘अगं ए’. त्या ‘अगं ए’ला मी इतकी सरावलेय की तिथे रस्त्यात कोणीतरी कुत्रीला तशी हाक मारली तर मी वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मला शहर दाखवायला निघाले. धाकटीने तीन दिवसांचा पास काढून ठेवला होता, त्यात सगळं बघता येतं. मनोरा, पूल, कारंजी, राणीची बाग, तोफा. आई पुढे, हातात छत्री वर धरलेली, मी मागे धापा टाकत. ताई, ज्या बाईंना घरी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायला रिक्षा लागते, त्या बाई घंटेच्या मनोऱ्याच्या दोनशे बारा पायऱ्या चढल्या. वर पोचल्यावर मला म्हणाल्या, तुला व्यायाम नाही. मला व्यायाम नाही! दिवसाला शंभर सदरे, प्रत्येक सदऱ्याला चौदा वेळा हात पुढेमागे. पण हे सुनवायला श्वासच नव्हता. वरून अख्खं शहर दिसलं, लाल कौलं, नदी, सोन्याचा घुमट. मी तिथूनही दोरी शोधली. नव्हती.

आणि खाली बाजारात जे बघितलं त्याने तर मी जागीच थांबले. त्या शहराचा एक जुना राजा होता. त्याच्यावर म्हणे जेवणघरात कोणीतरी सुऱ्याने वार केला, तर तो पठ्ठ्या तसाच उठला, रक्ताने भरलेल्या अंगरख्यानिशी दरबारात जाऊन बसला, शत्रूबरोबरच्या तहावर सही केली, आणि मगच वैद्याला बोलावलं. तो अंगरखा राजवाड्यात काचेच्या कपाटात आहे. आणि त्या अंगरख्यावरचा जो डाग, तो डाग, ताई, अख्ख्या बाजारात विकायला आहे! डाग छापलेले कप, डाग छापलेल्या पिशव्या, डागाच्या आकाराची बिस्किटं, ‘डाग’ नावाचं हॉटेल. डाग छापलेला पांढरा टॉवेल मी स्वतः हातात घेऊन बघितला. आपल्या तीन पिढ्या डाग काढता काढता गेल्या, बोटांची सालं निघाली, आणि इथे लोक एका डागावर बंगले बांधून बसलेत. आपलं नशीबच उलटं. तुमच्या वडलांनी एखादा चांगलासा डाग शिल्लक ठेवला असता तर आज आपणही खिडकीत फुलं लावली असती.

अकरा वाजले तशी आईंनी छत्री मिटली आणि म्हणाल्या, चला, माझी कामाची वेळ झाली. कसलं काम? धाकटी नुसती हसली. मला काय वाटलं ते सांगते, आणि ते वाटून मला किती आनंद झाला तेही सांगते. मला वाटलं, धाकटीने चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला कुठेतरी धुण्याभांड्याला लावलंय. बाहेरून गोड आणि आतून ही गत! मनात म्हटलं, सापडली. आता हिला चारचौघांत उघडी पाडते आणि आईंना हाताला धरून घरी नेते. पण आई राजवाड्याच्या पुढच्या दाराने आत शिरल्या. पहारेकऱ्याने त्यांना सलाम केला. मला पास दाखवायला लावला.

राजवाड्याच्या तळघरात राजाचा धुलाईखाना आहे. माणूस आत उभा राहील एवढ्या तांब्याच्या भट्ट्या, दगडी हौद, कोळशाच्या इस्त्र्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेल्या, खळीची भांडी. झालं होतं असं, की दुसऱ्या आठवड्यात आई तिथे गेल्या आणि एका पाटीसमोर थांबून मोठ्यांदा म्हणाल्या, हे चूक आहे. पाटीवर लिहिलं होतं, पायमोजे ताणायचा साचा. आई म्हणाल्या, हा बाहीला इस्त्री करायचा ठोकळा आहे, पायमोजे ताणले तर फाटतील. संग्रहालयाच्या मुख्य बाईंना बोलावणं गेलं. आईंनी त्यांना एका तासात अकरा चुका काढून दाखवल्या. (आपल्याकडे हे रोजचं आहे, पण त्या बाईंना नवीन होतं.) त्यांनी आईंना खुर्ची दिली, छातीवर लावायला बिल्ला दिला, आणि रोज अकरा ते एक येऊन बसा म्हणाल्या. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं. पस्तीस-चाळीस माणसं गोल करून उभी, आणि आई खळ किती पातळ हवी ते सांगताहेत. कोणी जांभई देत नाही, कोणी ‘हो, कळलं, तुम्ही हजारदा सांगितलंय’ म्हणत नाही. ते म्हणणारी मी मागे खांबाला टेकून उभी होते.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण आईंनी मग गोष्ट सांगितली. आमच्या थोरल्या सुनेने वकिलाच्या काळ्या कोटाच्या पाठीवर इस्त्री ठेवली आणि शेजारणीशी बोलत राहिली, कोटावर इस्त्रीचा ठसा उठला, वकील कोर्टात पाठमोरा झाला की न्यायाधीश हसायचे. चाळीस माणसं खदखदून हसली. धाकटी हसली, अगदी मनापासून, आणि मला कोपराने ढोसलं. ताई, ती चूक माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षातली आहे. मला चुलत्याच्या घरून आणून सरळ टेबलासमोर उभी केली होती, इस्त्री कुठून धरतात ते माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांत मी परत एक रुमालसुद्धा जाळलेला नाही. ते का नाही सांगत? मला तिथे रडू आलं. खरंच आलं. मी खळीच्या भांड्यात बघत उभी राहिले.

त्या मनःस्थितीत मी वरच्या मजल्यावर गेले, हे लक्षात घ्या आणि मग पुढचं वाचा. आईंचं काम आटोपलं आणि आम्ही तिघी तो अंगरखा बघायला गेलो. हीऽ गर्दी. छत्रीवाला गाईड (त्याच्या टोपीवरसुद्धा डाग छापलेला) घसा खरवडून वार, रक्त, तह सांगत होता. आईंना बघून तो थांबला, सगळ्यांना म्हणाला, ह्या आमच्या आजी, कपड्यातलं ह्यांच्याइतकं कोणाला कळत नाही, विचारा ह्यांना, असं रक्त कधी बघितलंय का. आणि आईंनी मान डोलावली. मी पुढे होऊन काचेतून बघितलं. ताई, तुम्ही असता तर तुम्हीही बघताक्षणी ओळखलं असतं. जुन्या रक्ताचा डाग तपकिरी होतो, ह्याची कड जांभळट. आणि वार झाल्यावर रक्त आतून बाहेर येईल की बाहेरून आत जाईल? अंगरख्याचा पदर उलटा करून टाचलेला होता, त्याचं अस्तर स्वच्छ. सगळा डाग वरून पडलेला, छातीपासून मांडीपर्यंत ओघळत. हे रक्त नाही, ही जेवताना सांडलेली लाल दारू. आणि आपल्या आई, ज्या वास घेऊन सांगतात की हा डाग मंगळवारचा आहे, त्या मान डोलावताहेत! मला वाटलं, तीन आठवडे खुर्ची आणि बिल्ला दिला तर ह्या लोकांनी आमच्या बाईंचे डोळेसुद्धा काढून घेतले. माझ्या तोंडून मोठ्यांदा निघून गेलं, हे रक्त नाही, राजाने जेवताना दारू सांडली असेल.

गाईडची छत्री खाली आली. एक मुलगी आईला विचारायला लागली, मग बिस्किटं कशाची? धाकटीचं हसू पहिल्यांदाच मावळलं. आणि आई वळल्या. मला वाटलं, आता म्हणतील, बरोबर आहे तिचं. तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ही माझी थोरली सून, इस्त्री बरी करते, डागातलं हिला काही कळत नाही, मघाशी कोटाची गोष्ट सांगितली ना, तीच ही. सगळे पुन्हा हसले, गाईडच्या जिवात जीव आला. आई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, चुकलं माझं. ते दोन शब्द बोलताना जे झालं ते मी कोणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही.

मग आईंनी मला दंडाला धरून तळघरात नेलं, हौदाच्या कठड्यावर बसवलं आणि झोड झोड झोडलं. हळू आवाजात, म्हणजे जास्तच. आपल्या दुकानाचा पहिला नियम काय? डाग वाचायचा, बोलायचा नाही. कोणाच्या उशीवर कोणाचं काजळ, कोणाच्या खिशाला कसला वास, कोण रोज रात्री उशी भिजवतंय, सगळं आपल्याला कळतं आणि ते आपल्या दारातून बाहेर जात नाही, म्हणून लोक आपल्या दारात येतात. राजा झाला म्हणून काय झालं, त्याचाही कपडा आपल्या डोळ्यांखालून गेला की तो आपलं गिऱ्हाईक. हे सगळं शहर त्या डागावर जेवतंय, तुला काय पडलं होतं? मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? त्या म्हणाल्या, पहिल्या दिवशी शंका आली, दुसऱ्या दिवशी चष्मा पुसून गेले तेव्हा खात्री पटली. मग दुसरीकडे बघत म्हणाल्या, तुला काचेबाहेरून, एका नजरेत कळलं.

एवढंच. पुढे काही नाही. पण ताई, एवढं जरी मला कोणी दहा वर्षांपूर्वी म्हटलं असतं ना!

मग त्यांनी विचारलं, दुकान कसं चाललंय? आता तुम्ही शहाण्या आहात, तुम्ही काय म्हणाला असता? मी काय म्हटलं ते सांगते. माझ्या डोक्यात धाकटी होती, ती ‘बाळ’ ही हाक होती, मशीन होतं, कोटाची गोष्ट होती. मी म्हटलं, छान चाललंय, तुमच्यावाचून काही अडत नाही. आईंनी बिल्ला सरळ केला. म्हणाल्या, मग बरंय. इथल्या मुख्य बाई म्हणताहेत हिवाळ्यापर्यंत राहा, मग मी राहते. मी म्हटलं, राहा की. त्या म्हणाल्या, राहतेच. आणि आम्ही दोघी वर गेलो.

तर अशी मी रिकाम्या हाताने परत आले. धाकटीने स्टेशनावर पोचवलं, वाटेत खायला डबा दिला. (मीठ कमी.) मी म्हटलं ते खोटं नव्हतं, दुकान खरंच छान चाललंय. कोणी मागे उभं राहून कॉलर तपासत नाही. कोणी चिमटे मोजत नाही. भाजीला मीठ कसंही पडलं तरी हे काही बोलत नाहीत, ह्यांना मीठ आणि साखर ह्यांतला फरक वर्तमानपत्र संपल्यावर कळतो. आईंनी खुशाल राहावं, त्यांचं वय झालं, त्यांना मान मिळतोय, चार माणसं ऐकताहेत. माझ्या मनात काही म्हणजे काही नाही. तुमच्या गुडघ्याला जपा.

तुमची,
थोरली वहिनी

ता. क. मी निघताना संग्रहालयाच्या मुख्य बाईंनी मला गुपचूप बाजूला घेऊन विचारलं, ते खरंच रक्त नाही का? मी म्हटलं, मला डागातलं काही कळत नाही. हे आईंना कळवू नका, शेफारतील.

ता. क. २. आईंची उशी त्यांच्याबरोबर आहे, त्यामुळे त्यांची खाट नुसती गादीची दिसते. मी त्यावर घड्या केलेले कपडे ठेवून बघितले. बरं दिसत नाही. काढून घेतले.

ता. क. ३. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तुम्ही आईंना दोन ओळी लिहा. राहणं-येणं काही काढू नका, मी लिहायला सांगितलं हे तर मुळीच नको, नाहीतर त्या हट्टाने दोन हिवाळे राहतील. फक्त एवढंच लिहा, की थोरली पांढऱ्या कपड्यांना नीळ जास्त घालते आहे असं कानावर आलंय, गिऱ्हाईकांचे सदरे निळे पडताहेत. हे वाचून त्या मिळेल त्या गाडीने निघतील, मी ओळखते त्यांना. तुम्हाला खोटं लिहावं लागणार नाही. मी गुरुवारपासून खरंच जास्त घालते आहे. हेडमास्तरांचे तीन सदरे आकाशी झाले, ते बिचारे तसेच घालून शाळेत जातात आणि मला काही बोलत नाहीत. उद्या डॉक्टरांचे कोट आहेत. लवकर लिहा ताई, माझ्या हातून हे फार दिवस व्हायचं नाही.